काही खास नाही

पर्सिमनची केशरी फळं उतरवायचे दिवस आले, तरी छोल्गु कंबरेला पट्टा बांधून घरातच बसून होता. मागच्या हंगामात तो फांदीसकट खाली आला आणि त्याचं झाडावर चढणं संपलं ते कायमचंच. झाडं साठ होती, आणि त्यांना कुणाच्या कंबरेशी काही देणंघेणं नव्हतं. त्याची बायको बोक्सुन सकाळी दंव असतानाच रबरी बूट घालून निघायची आणि आकडी लावलेल्या बांबूनं फळ उतरवायची. दिवसभर मान वर. संध्याकाळी भाताच्या वाडग्यासमोर ती मान खाली घालायला गेली की कटकन वाजायची. वय अठ्ठावन्न झालं होतं आणि गुडघे त्याहून चार वर्षांनी मोठे वाटत होते.

त्या दिवशी ती वरच्या बांधाला पोचली, तर तिथल्या सगळ्या बुंध्यांना लाल फिती बांधलेल्या. ती तशीच अर्धी टोपली घेऊन घरी आली.

"फिती कुनी बांधल्या?"

"काचा बसवनाऱ्या सौरवाल्यांचा मानूस आलता," छोल्गु म्हणाला. तो ओसरीवर बसून दोरीला आकडे अडकवत होता, आणि त्यानं मान वर केली नाही. "नुसतं मोजून गेला."

"नुसतं मोजायला फिती लागत्यात व्हय?"

"हे बघ, सेमीची आई. ओक शेटची गाडी आता येनार न्हाई. तीस वर्सं दारातनं माल उचलला, आता जाऊन बसलाय पोराकडं शहरात. मग माल इकनार कोन? मला उभं ऱ्हाता येईना आन् तुला बोलता येईना."

"मला बोलता येईना?"

"तुला भांडता येतं. ते येगळं."

छोल्गुनं दोरी बाजूला ठेवली. "नव्या वर्साच्या सणापत्तूर माल गेला तर झाडं ऱ्हातील. न्हाई गेला तर मी त्यांच्या कागदावर सही करनार. त्या काचांना सोलावं लागत न्हाई, टांगावं लागत न्हाई. ऊन पडलं की झालं."

नवरा वाईट नव्हता. कंबर मोडलेल्या माणसाला साठ झाडं रोज खिडकीतून दिसावीत, ही शिक्षाच असते. पण बोक्सुनला एवढंच कळत होतं की तिच्या हाताला आयुष्यात एकच विद्या आली होती. पर्सिमन सोलायचं, देठाचा तुकडा तेवढा ठेवायचा, दोरीला टांगायचं आणि दीड महिना वाऱ्यावर सुकवून त्याचं गोतगाम करायचं. ही विद्या सासूनं तिला शिव्या देत देत शिकवली होती. झाडं गेली तर ते हात कशाला उरले?

दोनच दिवसांनी गावप्रमुख उम यांनी भोंग्यावरून पुकारा केला. तालुक्याच्या शेती केंद्रात उद्योजक वर्ग सुरू होतोय, मंगळवार आणि शुक्रवार, बारा आठवडे. गामगोल गावात गोतगाम करणारी घरं अकरा, आणि सगळ्यांचाच माल ओक शेटच्या गाडीवर अवलंबून होता. संध्याकाळी सगळे उमांच्या ओसरीवर जमले. कोण जाणार म्हटल्यावर एकेकानं आपली दुखणी बाहेर काढली. एकाला ऐकू येत नव्हतं, एकाला बस लागत होती. शेवटी सगळ्यांच्या नजरा बोक्सुनवर येऊन थांबल्या.

"सेमीच्या आईला वाचता चांगलं येतं," हाम्यांगवाली म्हणाली. ही शेजारीण लग्न होऊन हाम्यांगहून आली, म्हणून पन्नास वर्षं झाली तरी तिचं नाव तेच. "शिकून ये बाई. मग सगळ्यांचा माल एकाच नावानं इकू. पेटीवर गामगोल लिहू."

"म्हंजे बुडाली तर सगळी संगंच बुडतील," छोल्गु घरी आल्यावर म्हणाला. पण त्यानं तिला वर्गासाठी त्यांच्या लेकीची, सेमीची, जुनी वही शोधून दिली.

*

प्यो सर तिशीचे होते. पांढरे बूट, गळ्यात ओळखपत्र, आवाज गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी बाकं हलवून गोल करायला लावली.

"मी इथे शिकवणार नाही," ते म्हणाले. "व्याख्यान ऐकून कुणी उद्योजक होत नाही. तुम्ही करणार, तुम्ही चुकणार, आणि त्यातून तुम्ही शिकणार. इथे एकच माणूस नापास होईल, तो म्हणजे न चुकणारा."

बोक्सुननं वहीत लिहिलं : चुकायचं आहे. मग तिला वाटलं, यासाठी बसनं यायची गरज नव्हती.

सरांनी भिंतीवर एक मोठा कागद लावला, त्यावर नऊ चौकोन. गिऱ्हाईक कोण, त्याला काय हवं, तुमच्याकडे काय आहे. प्रत्येकानं रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवायचं. बोक्सुनचे हात तुरट चिकानं काळे पडले होते, त्यामुळे पिवळ्या चिठ्ठीवर आधी तिचे अंगठे उमटले. 'तुमच्यात वेगळं काय' या चौकोनात काय लिहावं ते तिला सुचेना. गावात अकरा घरं तेच करत होती. तिनं 'वारा' असं लिहिलं. सरांनी ती चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली, टाळ्या झाल्या, आणि ती कानापर्यंत लाल झाली.

पुढच्या आठवड्यात लिफ्टचा पाठ आला. केंद्राची इमारत दोन मजल्यांची आणि लिफ्ट एकच. सर म्हणाले, समजा लिफ्टमध्ये तुम्हाला मोठ्या दुकानाचा मालक भेटला. वर पोचेपर्यंत त्याला तुमचा माल पटला पाहिजे. मालक स्वतः सरच. बोक्सुन आत शिरली, वाकून नमस्कार केला, जेवण झालं का विचारलं. सर म्हणाले झालं. तिनं विचारलं घरी आईवडील बरे आहेत ना. तोवर दार उघडलं. बाहेर उभी असलेली तरुण मंडळी पोट धरून हसत होती.

"आई, मालाचं नाव तरी घ्यायचंत," सर हसत म्हणाले. ते सगळ्या वयस्क बायकांना आई म्हणत.

"अनोळखी मानसाला येकदम इकायचं कसं, सर? दरोडा घातल्यासारखं वाटतंय."

"पुन्हा जाऊ. हरकत नाही, चुकताय ते छान आहे."

त्या दिवशी ती आठ वेळा वरखाली झाली. आठव्या वेळेला तिनं एका दमात म्हटलं, "गामगोलची गोतगामं, डोंगराच्या वाऱ्यावर सुकलेली, तालुक्यात सगळ्यात गोड." म्हणून झाल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. आपल्याच तोंडानं आपल्या मालाला सगळ्यात गोड म्हणायचं, म्हणजे बाकीच्या दहा घरांच्या दारात जाऊन थुंकल्यासारखंच. घरी मात्र भांडी घासताना ती तेच वाक्य पुटपुटत राहिली.

"कुनाशी बोलतीयस?" छोल्गुनं आतून विचारलं.

"दुकानाच्या मालकाशी."

"त्याला म्हनावं चहा घेऊन जा."

*

नोव्हेंबरात फळं सोलून झाली. ती दोऱ्यांना टांगल्यावर अकरा घरांच्या माड्या केशरी झाल्या. आणि मग ज्या दिवसांत कोरडी थंडी पडायची, त्या दिवसांत ऊबदार पाऊस लागला. पाच दिवस धुकं हललं नाही. बोक्सुननं माडीत चार पंखे लावले. कोळशाची शेगडी पेटवली. रात्र असो दिवस असो, दोन तासांनी उठून ती ओळीओळीतून फिरायची आणि प्रत्येक फळ हलक्या बोटांनी दाबून पाहायची. सहाव्या दिवशी खालच्या ओळीत बुरशीचा हिरवा ठिपका दिसला.

तिनं ती फळं एकेक करून काढली. छोल्गु खाली बसून बादलीत घेत होता. हाताला लागलं की साल फाटून आतला गर ओघळायचा आणि आंबट वास यायचा. दर चार दोऱ्यांमागे एक दोरी गेली. बादल्या खड्ड्यात ओतताना त्याची कंबर भरून आली आणि तो तिथंच चिखलात बसला. त्याला उठवायला तिला हाम्यांगवालीला हाक मारावी लागली.

त्या शुक्रवारी वर्गात सरांनी विचारलं, या आठवड्यात कोण चुकलं?

"पाऊस चुकला," बोक्सुन म्हणाली.

"छान. मग यातून तुम्ही काय शिकलात, आई?"

तिनं खूप विचार केला. सगळे वाट बघत होते. "काय न्हाई," ती म्हणाली. "ते मला आधीपासनं ठाऊक हाय. वल लागली की सडतं." सरांनी ते फळ्यावर 'धोक्याची पूर्वकल्पना' असं लिहिलं.

डिसेंबरात मात्र हवा फिरली. उत्तरेचा वारा खिडक्यांतून शिट्टी मारत शिरला आणि जी फळं वाचली होती ती अशी काही उतरली की छोल्गुनं एक फोडून तोंडात टाकलं आणि लगेच दुसऱ्याला हात घातला. बोक्सुन रोज प्रत्येक फळ चोळायची, त्यानं आतली साखर बाहेर येते. जानेवारी उजाडला तेव्हा प्रत्येक गोतगामावर पिठासारखी पांढरी साखर धरली होती. सासू म्हणायची, ही पांढरी पूड आली की समज फळानं तुला माफ केलं.

उमांनी शहरातल्या एका मोठ्या दुकानाशी बोलणं केलं. सणाच्या पेट्या, अकरा घरांचा सगळा माल. दुकानवाले म्हणाले, आधी लोकांना तुमचं नाव कळू दे, मग उचलतो. वर्गाचा शेवटचा पाठ तोच होता. फोनसमोर बसून, हजारो लोक बघत असताना, आपला माल विकायचा.

*

त्या दिवशी बोक्सुननं सेमीच्या लग्नातलं जाकीट घातलं. उमांचं सगळं घर आणि हाम्यांगवाली आपापल्या फोनला डोळे लावून बसली होती. केंद्राच्या हॉलमध्ये गोल दिवा, त्याच्या मधोमध फोन, समोर टेबलावर गामगोल लिहिलेली पेटी. वाक्य तोंडपाठ होतं, आणि ती ते घाईघाईनं पुटपुटत होती.

प्यो सर तिच्यापाशी आले, खाली वाकले. त्यांना तिची खरंच कीव आली असावी.

"आई, पाठ केलेलं सगळं विसरा. लोकांना खरा माणूस आवडतो. तुमची बोलीही आहे तशीच राहू दे. असं समजा की दारात पाहुणा आलाय. घरी पाहुण्याशी बोलता तसंच बोला. बस्स."

बोक्सुनच्या छातीवरचा दगड उतरला. पाहुण्याशी बोलायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दिवा लागला. तिनं हसून मान लववली, पांढरं झालेलं एक गोतगाम दोन्ही हातांनी पुढं धरलं आणि सासूनं, सासूच्या सासूनं, गामगोलच्या प्रत्येक बाईनं आयुष्यभर प्रत्येक पाहुण्याला सांगितलं तेच सांगितलं.

"या, बसा. आमच्याकडं काय हाय द्यायला? औंदा पाऊस लई, माल काय जमला न्हाई. बुरशी लागली. ह्ये आपलं हाय ते आनलंय. काय खास न्हाई, तरी गोड मानून खा."

एका बाजूला सर लोकांचे प्रश्न वाचत होते. "आई, एकजण विचारतोय, वरचं पांढरं काय आहे?"

"ती साखर हाय की," बोक्सुन म्हणाली. "आतनं येती." आणि मग ती सोलण्याबद्दल, वाऱ्याबद्दल, चोळण्याबद्दल अर्धा तास छान बोलली. मागे बसलेली मुलंही ऐकत राहिली. बघणाऱ्यांचा आकडा वाढत होता, दर मिनिटाला वाढत होता, आणि सर हात उंचावून तिला खूण करत होते की झकास, झकास.

आकडा कशानं वाढत होता ते संध्याकाळी कळलं. कुणीतरी पहिली पंधरा सेकंदं तेवढी कापून घेतली होती. पांढरं फळ पुढं धरलेली म्हातारी, हसरा चेहरा, आणि बुरशी लागली, तरी गोड मानून खा. पुढची साखर त्यात नव्हती. दोन दिवसांत सगळ्या देशानं ते पाहिलं आणि तिला नाव दिलं, बुरशीवाली आजी. सेमीनं उल्सानहून फोन केला तेव्हा ती रडतच होती. तिच्या कामावरची माणसं ते वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत होती आणि ही आपली आई आहे हे तिला सांगता येईना.

दुकानवाल्यांनी उमांना कळवलं की यंदा गामगोल नको.

गावात कुणी बोक्सुनला एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तिला येत होतं. हाम्यांगवालीकडे तिचा एक मोठा वाडगा गेला होता, आंबवलेला मुळा घेऊन. गामगोलात वाडगा कधी रिकामा परत येत नाही. चार उकडलेली रताळी, मूठभर मिरच्या, काहीतरी येतंच. तो वाडगा एका सकाळी ओसरीवर ठेवलेला मिळाला. स्वच्छ घासलेला, पुसून कोरडा केलेला, आत काही नाही. बोक्सुन तो मांडीवर घेऊन बसली.

"मी काय खोटं बोलले?" तिनं छोल्गुला विचारलं.

"न्हाई."

"मग काय वाईट बोलले?"

"तू आमच्या आईगत बोललीस," तो म्हणाला. "तीबी असती तर हेच बोलली असती. ती नशीबवान, तिला कुनी फोनम्होरं बसवलं न्हाई."

प्यो सरांचा फोन आला. त्यांचा आवाज उतरलेला होता, आणि ते खोटं नव्हतं. "आई, माझंही चुकलं. पण हे लक्षात घ्या, अपयश ही शिकण्याची किंमत असते. ती तुम्ही भरलीत. आता पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्साला झाडं न्हाईत, सर," बोक्सुन म्हणाली आणि फोन ठेवला.

सणाला पितरांच्या पानावर गोतगाम ठेवलं. उरलेला माल मार्चमध्ये मऊ पडायला लागला तेव्हा हाम्यांगवालीच्या डुकरांना आणि खड्ड्याला गेला. तिनं एक पेटी तेवढी थंड खोलीत राखून ठेवली, कशासाठी ते तिलाच माहीत नव्हतं. छोल्गुनं सही केली. सही करताना तो म्हणाला, "पुढं करून दे जरा," आणि तिनं कागद त्याच्या पुढं सरकवला.

झाडं कापायला दोन माणसं आणि एक यंत्र आलं. साठ झाडांना दीड दिवस पुरला. झाड पडताना मोठा आवाज होईल असं तिला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. वरच्या बांधावर एका शेंड्याला पाखरांसाठी राखलेली दोन फळं होती, वाळून काळी झालेली. ती झाडाबरोबरच खाली आली. कापणारा माणूस पाणी मागायला आला. तिनं त्याला जवाचा गरम चहा दिला आणि सवयीनं म्हणाली, "काय न्हाई बघा द्यायला." मग आत जाऊन ती पहिल्यांदा रडली, आणि छोल्गु दाराबाहेर काठी टेकून उभा राहिला, आत आला नाही.

*

एप्रिलात प्यो सर स्वतः घरी आले. नवी तुकडी सुरू झाली होती. अपयशाचा तास म्हणून एक नवीन पाठ त्यांनी ठेवला होता. तिनं तासभर येऊन आपली गोष्ट सांगावी, यातून पोरं खूप शिकतील. ते ओसरीवर गुडघे टेकून बसले होते आणि त्यांच्या मागे, जिथं झाडं होती तिथं, लोखंडी खांब उभे राहत होते.

"जा," छोल्गु म्हणाला. "हितं बसून खांब मोजन्यापरीस बरं."

ती गेली. जाताना थंड खोलीतली पेटी काढून गाठोड्यात बांधली. कुणाच्याही दारी रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढं अजून तिच्याकडे उरलं होतं.

वर्गात वीस-बावीस तरुण मुलं गोल बसली होती. सरांनी भिंतीवर ती पंधरा सेकंदं लावली. कुणी हसलं नाही, सरांनी आधी बजावलं असावं. मग ते म्हणाले, आई, आज पुन्हा त्या फोनसमोर बसायला मिळालं तर काय बोलाल?

बोक्सुन उभी राहिली. पेटी उघडली, एक गोतगाम दोन्ही हातांनी पुढं धरलं. आता तिला कसलीच लाज वाटत नव्हती. ज्यांच्या दारात थुंकल्यासारखं वाटायचं त्या दहा घरांनीही आपली झाडं सौरवाल्यांना द्यायचं ठरवलं होतं.

"गामगोलची गोतगामं," ती म्हणाली. आवाज मागच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचला. "डोंगराच्या वाऱ्यावर सुकलेली. तालुक्यात सगळ्यात गोड."

टाळ्या कडाडल्या. सरांचे डोळे भरून आले. पेटी एका हातातून दुसऱ्या हातात फिरली आणि सगळ्यांनी एकेक घेतलं. हॉलमध्ये काही वेळ नुसता खाण्याचा आवाज होता. मागच्या बाकावरची एक मुलगी, पुसानहून गावी परत आलेली, बोटं चाटत उभी राहिली.

"काकू, माझी आई अशाच गोतगामासाठी झुरतेय. बाजारातलं तिला चालत नाही. मला दहा पेट्या हव्यात. आणि दरवर्षी घेईन, नक्की. कुठे मिळतील?"

बोक्सुन तिच्याकडे बघत राहिली. वर्षभरात तिच्या मालाला आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक होतं. तिनं रिकाम्या पेटीवर झाकण ठेवलं.

"संपली," ती म्हणाली.

प्यो सर गर्रकन वळले. "ऐकलंत? ऐकलंत सगळ्यांनी?" त्यांनी खडू उचलला. "गिऱ्हाईक मागतंय, आणि आईंनी एकच शब्द वापरला. घ्या, घ्या असं म्हणाल्या नाहीत. आता हे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुप्पट मागेल. हे मी शिकवलेलं नाही बरं का."

त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : संपली. आणि सगळ्या मुलांनी माना खाली घालून ते आपापल्या वहीत उतरवून घेतलं.